खिडकीजवळची खुर्ची

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात नॅकच्या समितीची चाहूल लागली आणि प्राध्यापक कक्षाचे नूतनीकरण करायचे ठरले. त्यासाठी जी उपसमिती नेमली गेली तीत माझे नाव होते. साहित्य शिकवणाऱ्या माणसाला सौंदर्यदृष्टी असतेच, असा एक सार्वत्रिक समज आहे. रांगोळी स्पर्धेचे परीक्षण, भित्तिपत्रकाची मांडणी, पडद्यांचा रंग ही कामे त्यामुळे मराठी विभागाकडे आपोआप येतात. या वेळी मात्र प्रश्न पडद्यांचा नव्हता, खुर्च्यांचा होता. आणि खुर्चीचा प्रश्न आपल्याकडे कधीच साधा नसतो.

आमचा कक्ष म्हणजे एक लांबट, उंच छताची खोली. भिंतींना लागून लोखंडी कपाटे, मधोमध जोडून ठेवलेली टेबले आणि त्यांच्याभोवती बावीस खुर्च्या. एकाही खुर्चीवर नाव लिहिलेले नव्हते. पण कोणती कोणाची हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांना ठाऊक होते. संस्थेने नेमलेला तरुण वास्तुविशारद आराखडा घेऊन आला तेव्हा त्यात ही बावीस अदृश्य नावे पुसली गेली होती. चाकांवर सरकणारी टेबले, भिंतीत मिटवता येणाऱ्या फळ्या, प्रत्येकाला एक लॉकर, दोघातिघांनी बोलत बसावे असा एक कोपरा, आणि शांतपणे काम करण्यासाठी काचेच्या दोन लहान खोल्या. कोणाचीही ठरलेली जागा नाही. जो येईल त्याने रिकामी असेल ती घ्यावी. त्याच्या बोलण्यात ‘फ्लेक्सिबल’ हा शब्द पुनःपुन्हा येत होता. इतिवृत्तात आम्ही त्याचे ‘लवचिक’ असे भाषांतर केले.

माझी खुर्ची पूर्वेकडच्या खिडकीजवळ होती. बाहेर कडुनिंब. आमचे विभागप्रमुख २०१४ साली निवृत्त झाले. त्याच वर्षी मी कायम झाले होते. शेवटच्या दिवशी टेबलाचा खण रिकामा करून सर म्हणाले, “आता इथे बसत जा.” नेमणुकीच्या पत्रापेक्षा मला ते वाक्य अधिक मोलाचे वाटले होते. त्यामुळे बैठकीत मी आराखड्याच्या विरोधात बोलले, आणि बरेच बोलले. माणूस जागेला सरावतो तशी जागाही माणसाला सरावते. जिथे बसून आपण वाचतो, चिडतो, पेपर तपासतो, तिथे आपल्या कामाची एक स्मृती साठत जाते. माणसाला दररोज नव्याने जागा शोधायला लावणे म्हणजे त्याला स्वतःच्याच घरी पाहुणा करणे, असे काहीसे मी म्हणाले. ज्येष्ठ मंडळींनी माना डोलावल्या. मला स्वतःलाही ते भाषण आवडले होते, हे कबूल करायला हवे.

बैठकीचे इतिवृत्त लिहायला इतिहास विभागातली एक तरुण सहकारी बसली होती. ती तासिका तत्त्वावर शिकवते, आणि अशी कामे कायम प्राध्यापकांकडून घरंगळत तिच्यासारख्यांकडेच जातात. बैठक संपल्यावर ती कागद आवरत म्हणाली, “मॅडम, तुमचं बोलणं पूर्ण लिहून घेतलं आहे. छान बोललात. फक्त आमची जागा तर आधीपासूनच लवचिक आहे.” तिच्या स्वरात टोमणा नव्हता. तिने केवळ एक माहिती दिली होती. बावीस खुर्च्यांमध्ये तिची खुर्ची नव्हती. ती ग्रंथालयात बसे, तिथे परीक्षा चालू असेल तर जिन्याजवळच्या बाकावर बसे, आणि ज्याचा तास चालू असेल त्याच्या खुर्चीवर तास संपेपर्यंत बसे.

मला खरोखर लाज वाटली ती यासाठी, की ही माहिती मला नवी नव्हती. आठ वर्षे मी तेच आयुष्य काढले होते. २००८ साली माझी मुलगी चार महिन्यांची असताना मी पुन्हा शिकवायला लागले. तासाप्रमाणे पैसे मिळणाऱ्याला रजा परवडत नाही. दोन तासांच्या मध्ये दूध दाटून येई. ते काढून टाकायला आडोसा असलेली एकच जागा होती: परीक्षा विभागामागची, कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवण्याची खोली. तिला आतून कडी नव्हती. आमच्याकडच्या शिपाई मावशी आपले स्टूल उचलून त्या दाराबाहेर नेऊन ठेवत आणि मी बाहेर येईपर्यंत त्यावर बसून राहत. यावर आम्ही दोघी कधीही एक शब्द बोललो नाही. खिडकीजवळची खुर्ची मिळाल्यावर सहा-सात वर्षांत मी ती खोली इतकी विसरले होते, की जागेच्या स्मृतीवर भाषण करताना ती मला आठवलीसुद्धा नाही.

त्यानंतर मी जरा अस्वस्थ होऊन या विषयावर वाचू लागले. सुरुवात अर्थातच शब्दापासून केली. ती आमची खोड आहे. ‘दप्तर’ हा फारसीतून आलेला शब्द मराठीने फार पसरट अर्थाने वापरला. कागदांचा बांधलेला गठ्ठा म्हणजे दप्तर, ते गठ्ठे जिथे राहतात ती कचेरी म्हणजे दप्तर, आणि मूल शाळेत पाठीवर नेते तेही दप्तरच. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद आजही रुमालांत बांधलेले आहेत. ज्याच्याजवळ रुमाल, त्याची कचेरी. धाकटा भाऊ हिंजवडीत नोकरी करतो. करोनानंतर त्याच्या कंपनीत ठरलेली जागा राहिली नाही. आदल्या दिवशी मोबाईलवरून टेबल राखून ठेवायचे आणि सकाळी पाठीवर सॅक घेऊन जायचे. त्यात संगणक, चार्जर, पाण्याची बाटली आणि आईचा एक छोटा फोटो असतो. “ताई, मी पुन्हा दप्तर घेऊन जायला लागलो,” असे तो म्हणतो तेव्हा शब्दाचे तिन्ही अर्थ एका जागी येतात. आठवड्यातले दोन दिवस त्याला घरून काम करता येते आणि ते त्याला हवेच असतात. हवे नसते ते एवढेच, की ही व्यवस्था ठरवताना त्याला कोणी विचारले नाही.

विचारण्याचा हा मुद्दा कचेऱ्यांच्या इतिहासात सतत डोके वर काढतो. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत हँबुर्गजवळच्या क्विकबोर्न इथे एबरहार्ट आणि वोल्फगांग श्नेले या भावांनी कचेरीच्या भिंतीच काढून टाकल्या. साहेबाची खोली आणि कारकुनांची रांग हा भेद मोडावा, कागद आणि माणसे ज्या वाटेने फिरतात त्या वाटेने टेबले मांडावीत, मध्ये कुंड्या ठेवाव्यात, अशी ती कल्पना होती. तिला त्यांनी कचेरीचे निसर्गदृश्य अशा अर्थाचे नाव दिले. हेतू समतेचा होता. परंतु गोंगाट, वाऱ्याचे झोत आणि सतत कोणाच्या तरी नजरेखाली असणे यांना माणसे कंटाळली. पुढे १९७२ च्या जर्मन कायद्याने कामाच्या जागेची रचना बदलण्यापूर्वी कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधिमंडळाला माहिती देणे आणि त्याच्याशी विचारविनिमय करणे मालकांवर बंधनकारक केले. कुंड्या कुठे ठेवायच्या यापेक्षा कोणाला विचारून ठेवायच्या, हा प्रश्न तिथे कायद्यात शिरला.

अमेरिकेतली कथा अधिक करुण आहे. हर्मन मिलर या फर्निचर कंपनीत रॉबर्ट प्रॉप्स्ट नावाचा संशोधक होता. माणूस दिवसभर एकाच आसनात बसण्यासाठी घडलेला नाही, त्याला कधी उभे राहून, कधी फिरत, कधी पसारा मांडून काम करावेसे वाटते, हे ओळखून त्याने ‘ॲक्शन ऑफिस’ ही रचना मांडली. पहिली १९६४ साली आली आणि सुधारलेली १९६८ साली. तिच्यातले हलके पडदे विशाल कोनात उघडत. ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे ते वळवावेत आणि आपली जागा आपणच घडवावी, ही अपेक्षा होती. कंपन्यांनी पडदे घेतले, कल्पना घेतली नाही. तेच पडदे काटकोनात जोडले की कमी जागेत जास्त माणसे मावतात, हे त्यांच्या लक्षात आले आणि क्युबिकल जन्माला आले. उतारवयात प्रॉप्स्टने या प्रकाराला निव्वळ वेडेपणा म्हटले. लवचिक वस्तू होती, पण ती वाकवण्याचा अधिकार जिच्यासाठी ती केली त्या माणसाकडे राहिला नाही.

१९९०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या ‘शायट-डे’ या जाहिरात कंपनीने तर टेबलेच रद्द केली. सकाळी येऊन खिडकीवर फोन आणि संगणक मागून घ्यायचा आणि वाटेल तिथे बसायचे. माणसांनी काय केले? काहींनी आपले कागद गाडीच्या डिकीत ठेवायला सुरुवात केली. काही वर्षांतच तो प्रयोग गुंडाळला गेला. त्या डिकीबद्दल वाचताना मला उत्तरपत्रिकांची खोली आठवली. व्यवस्थेने गरज नाकारली तरी गरज नाहीशी होत नाही. ती आडोसा शोधते.

या सगळ्यात मला जवळचा वाटला तो डच वास्तुकार हर्मन हर्ट्झबर्गर. नेदरलँड्समधल्या आपेलडोर्न इथे १९७२ साली त्याने एका विमा कंपनीची कचेरी पूर्ण केली. खरे तर मुद्दाम अपुरी ठेवली. भिंतींचे काँक्रीटचे ठोकळे उघडे सोडले आणि इथे बसणाऱ्यांनी हे पुरे करावे असे मानले. माणसांनी तिथे झाडे आणली, चित्रे लावली, आपापल्या सवयी मांडल्या. अपुरेपणातून दिलेले हे निमंत्रण साहित्याच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. चांगली संहिताही वाचकासाठी काही जागा मोकळी सोडते; परंतु वाचकाला वगळून ती मोकळी जागा भरता येत नाही.

मग मी इतिहासाच्या त्या सहकारीला गाठले, आणि आम्ही दोघींनी दोन आठवडे एक साधी वही ठेवली. दर तासाला कक्षात कोण बसले आहे, काय करत आहे, आणि ज्यांना बसायला मिळाले नाही ते कुठे आहेत. बैठकीत लोक जे बोलले होते त्याहून वही वेगळेच सांगत होती. सकाळच्या पहिल्या दोन तासांना निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या, आणि त्याच वेळी तासिका तत्त्वावरचे चार जण जिन्याजवळ. पेपर तपासणाऱ्याला खिडकी नको होती, बंद होणारे दार हवे होते. विद्यार्थ्याशी बोलायला सगळे दाराबाहेर जात होते. कारण आमच्या कक्षात विद्यार्थ्याला बसायला कधी खुर्चीच नव्हती, तो नेहमी उभा. संस्कृतच्या सरांचे गुडघे दुखतात. त्यांना दाराजवळची, हातांची, उंच खुर्चीच लागते आणि ती रोज तिथेच असावी लागते. म्हणजे सगळेच हलते ठेवणे हीसुद्धा एक ताठर गोष्ट ठरली असती. कोणाची गरज सरकणाऱ्या टेबलाची असते, तर कोणाची न सरकणाऱ्या खुर्चीची.

ती वही घेऊन आम्ही पुन्हा समितीपुढे गेलो. कारण सांगून मागतील त्यांना ठरलेली जागा, बाकी सर्व सामाईक. लॉकर प्रत्येकाला, म्हणजे तासिका तत्त्वावरच्यांनाही. विद्यार्थ्यासाठी समोर खुर्ची. आणि आतून कडी असलेली एक लहान खोली. प्रसूती लाभ अधिनियमात २०१७ साली दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर आवश्यक झाले आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली, याचाही मी उल्लेख केला. पाळणाघरावर कोणी बोलले नाही. खर्चाला कात्री लागली तेव्हा पहिल्यांदा वगळली गेली ती कडीची खोली. मग मी दुसऱ्यांदा भाषण केले. या वेळी स्मृतीविषयी नाही. २००८ सालच्या त्या खोलीविषयी आणि मावशींच्या स्टुलाविषयी. बोलताना आवाज थोडा कापला. भाषण म्हणून ते चांगले झाले नाही. पण पाहुण्यांसाठीचा सोफा रद्द झाला आणि खोली राहिली.

माझी खिडकी गेली. मी कारण सांगून ती मागू शकले नाही, कारण कारण नव्हते, सवय होती. परवा सकाळी गेले तर तिथे इतिहासाची ती सहकारी बसली होती आणि समोरच्या खुर्चीवर एक विद्यार्थिनी बसून तिच्याशी बोलत होती. मला थोडे वाईट वाटले, हे लपवत नाही. मी ग्रंथालयात जाऊन बसले.

दुपारी ती भेटली तेव्हा मी म्हणाले, “लॉकर मिळाला ना?” ती म्हणाली, “मिळाला, मॅडम. एप्रिलमध्ये किल्ली परत करायची आहे. पुढच्या वर्षी नेमणूक झाली तर पुन्हा मिळेल.” आमच्या किल्ल्यांवर असा शेरा नाही. तो नियम आमच्या समितीने केलेला नव्हता, आणि कोणत्याही आराखड्यात तो दिसलाही नसता.