रतीब

आजीचं आमच्याशी नातं रतिबाचं. पहाटे म्हशीचं दूध घालायची आणि जाताना आईशी दोन शब्द बोलायची. वडील कोयना प्रकल्पावर कामाला, आम्ही कोयनानगरच्या वसाहतीत राहायचो. आमच्या घरात ज्या धरणाच्या पगारावर भात शिजायचा, त्याच धरणानं तिचं गाव शिवसागर जलाशयाखाली घातलं होतं. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. मला ते मोठेपणी उमगलं, आणि तेव्हापासून तिचं ऋण दुप्पट झालं.

पाणी चढायला लागलं तेव्हा तिनं गावची देवी पाटीत घेऊन डोंगरावर आणली होती. शेंदूर चढलेला एक दगड. खोपटाच्या वळचणीला तिनं तो बसवला होता. म्हैस पिळण्याआधी तिथं पाणी आणि फूल, मग बाकी सगळं.

1962 पासून जमीन अधूनमधून हलायची. आम्हा पोरांना त्याची सवयच झाली होती. 1967 च्या सप्टेंबरात मोठा धक्का बसला, तेव्हा मात्र मोठी माणसं गप्प झाली. आणि 11 डिसेंबरला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी सगळं कोसळलं. वडील पाळीवर होते. आमच्या खोलीची दगडी भिंत दारावर आली. आई, धाकटी बहीण आणि मी आत अडकलो. अंधार, नाकातोंडात धूळ. बाहेरून आवाज आला, "लेकरं हायती का गं?" आजी गोठ्यात जागीच होती, म्हणून वाचली. ती एकेक दगड उचलून बाजूला टाकत होती आणि प्रत्येक दगडासरशी "आई, दमानं" म्हणत होती. आधी वाटलं, माझ्या आईला सांगते आहे. ती जमिनीशी बोलत होती.

उजाडता उजाडता ओरडा झाला, धरण फुटलं. पानशेत फुटून सहाच वर्षं झालेली, त्यामुळे शंका घ्यायचं कुणाला सुचलंच नाही. बहिणीला पाठुंगळी घेऊन आजी आमच्या पुढे डोंगर चढली. धरणाला तडे गेले होते, पण ते उभं राहिलं. कोयना परिसरात मात्र सुमारे 180 माणसं गेली.

मग थंडीतले ते तंबूतले दिवस. धक्के थांबत नव्हते. जमीन हलली की आजी तळहात मातीला टेकवायची, तोच कपाळाला लावायची आणि तीन दगडांच्या चुलीवरच्या दुधाकडे वळायची. आई खचली होती. एका रात्री ती रडवेली होऊन म्हणाली, "आजी, तुमच्या देवीनं गाव बुडू दिलं, आता हे. तरी तुम्ही तिलाच हात जोडता?"

आजीनं जाळ पुढे सारला. "गाव बुडालं तवा ती बी माझ्यासंगं डोंगर चढली की गं. ती कुठं मागं ऱ्हायली?"

पुढं ऐकलेल्या कुठल्याच प्रवचनानं मला इतकं बळ दिलं नाही. आजीचा देव संकट अडवणारा नव्हता. तिच्याबरोबर विस्थापित झालेला होता. म्हणून तिला त्याचा राग नव्हता, आणि हातपाय गाळून बसायला सवडही नव्हती.

महिनाअखेरीस आईनं रतिबाचे पैसे पुढे केले. आजीनं बोटं मोजून दहा तारखेपर्यंतचेच घेतले. पुढचं दूध, म्हणाली, लेकरांचं होतं. आईनं खूप विनवलं, ती ऐकेना.

वडिलांची बदली झाली, आम्ही साताऱ्याला आलो. आजी गेल्याचं उशिरा कळलं. 2021 मध्ये पत्नी ऑक्सिजनवर होती, तेव्हा दवाखान्याच्या आवारात रात्री बसलो असताना तोंडून आपसूक आलं, "आई, दमानं." भीती गेली नाही, पण उठून डॉक्टरांशी बोलण्याइतकी, मुलांना फोन करण्याइतकी उभारी आली. पत्नी वाचली. त्याच वॉर्डातली काही वाचली नाहीत. त्यांच्या माणसांनीही देवाला तेवढ्याच कळवळ्यानं हाक मारली होती, हे मी विसरत नाही.

धरण बांधून साठ वर्षं उलटली तरी कोयनेच्या अनेक धरणग्रस्तांचं पुनर्वसन बाकीच आहे. 2018 साली त्यांनी कोयनानगरला ठिय्या दिला, तेव्हा मी जाऊन बसलो. आजीचा नातू तिथं भेटला. त्याच्या जमिनीचे कागद आता माझ्याकडे असतात. सातबारे, दाखले, जुन्या नोटिसा मी लावून देतो, अर्ज लिहितो, तारखेला त्याच्याबरोबर जातो. मागल्या खेपेला तो एसटीच्या भाड्याचे पैसे देऊ लागला. ते मी घेतले नाहीत.