लोज्बानबाई

लोज्बान ही मुद्दाम रचलेली भाषा; आपण तिला बाई म्हणू. लोज्बानबाईंचा जन्म १९८७चा, अमेरिकेतला, आणि तोही भाऊबंदकीतून. मूळ घराणं लॉगलानचं. जेम्स कूक ब्राउन या समाजशास्त्रज्ञानं १९५५मध्ये ती भाषा रचायला घेतली. भाषा बदलली की माणसाचा विचार बदलतो का, हे तपासायला त्याला तर्कशास्त्रावर बेतलेली भाषा हवी होती. १९६०मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लेख आला, हौशी मंडळी जमली आणि पुढे हक्कांवरून बिनसलं. ब्राउन ताबा सोडेना. काही अनुयायांनी वेगळी चूल मांडली. चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी शब्दांचे ध्वनी घोटून त्यांनी सुमारे १३५० मूळ शब्द नव्यानं घडवले. मूळ परीक्षा राहिली बाजूलाच.

बाईंचा हट्ट एकच. वाक्याची फोड एकाच तऱ्हेनं झाली पाहिजे. आपण 'लहान मुलींची शाळा' म्हणतो, तेव्हा लहान कोण? मुली की शाळा? आपलं काही अडत नाही. बाईंचं अडतं. 'श्मालु निख्ली श्कुले' म्हटलं की जोडणी डावीकडून होणार, म्हणजे मुलीच लहान. शाळा लहान असेल तर 'निख्ली'च्या पुढे 'बो' घालायचा. संगणकालाही शंका येत नाही. पण शाळा मुलींसाठी, मुलींनी चालवलेली, की मुलींच्या मालकीची? इथे बाई गप्प. कोण कोणाला जोडलंय एवढंच त्या बघतात. जोडल्यावर नातं काय, ते ऐकणाऱ्यानं ताडावं. त्यांना संदिग्धता खपत नाही ही ख्याती अर्धीच खरी, आणि त्यांचे भक्तही ते मोकळेपणानं कबूल करतात.

नवशिक्याची खरी फजिती होते ती 'शु'पाशी. 'लो गेर्कु शु क्लामा', म्हणजे कुत्रा जातो. मधला 'शु' गाळलात तर वाक्यच उरत नाही. कुठल्याशा कुत्रेछाप जाणाऱ्याचा नुसता उल्लेख होतो. 'कुत्रा जाते' असं कोणी मोडकं मराठी बोललं, तर भाजीवाली मनातल्या मनात दुरुस्त करून घेते आणि पुढचं बोलू लागते. बाई तसं करत नाहीत. बरं, चुकलात असंही सांगत नाहीत! निराळा पण व्याकरणशुद्ध अर्थ लावून मोकळ्या होतात. विभक्ती चुकली तरी संस्कृतात माणूस निभावून नेतो. मला तर हा सोवळेपणा विभक्तींपेक्षा जड वाटतो.

भावनांच्या बाबतीत मात्र बाई उदार. आनंद झाला तर 'उइ', कुरकुर असेल तर 'ओइ'. ऐकीव बातमी असेल तर 'तिहे' लावायची सोय आहे. आपल्या 'म्हणे'ची ही सख्खी बहीण. वचन, लिंग, काळ यांची सक्ती नाही. एक कुत्रा की दहा, काल गेला की उद्या जाणार, सांगायचं तर सांगा.

आणि तो 'क्लामा'! नुसतं जाणं नव्हे, त्याला पाच घरं आहेत: कोण जातो, कुठे, कुठून, कोणत्या वाटेनं, कशानं. क्रम पाठ हवा. मधली घरं गाळून थेट वाहनावर यायचं, तर 'फु' लावावा लागतो: 'मी क्लामा फु लो कार्शे', मी गाडीनं जातो. (हा 'मी' त्यांचाच, आपल्याशी जुळतो एवढंच.) अशी शेकडो क्रियापदं आणि प्रत्येकाची घरं वेगळी, शिकणारे थकतात ते इथे. म्हणूनच बाईंनी पळवाट ठेवली आहे. रिकाम्या घरात आपोआप 'झोहे' बसतो, म्हणजे 'जे काय असेल ते'. 'मी क्लामा' म्हणून उठलात, तर कुठे, कुठून, कसे, बाई एका शब्दानं विचारणार नाहीत. आपल्या घरी नुसतं 'निघालो' म्हणून बघा. चप्पल पायात जायच्या आत स्वयंपाकघरातून 'कुठे?' येतो, पाठोपाठ 'कशानं?' आणि 'जेवायला आहेस ना?'