माळशेजची हुकलेली गाडी

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत आजही रेल्वेचा रूळ नाही. रेल्वेच्या इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला ही गोष्ट सतत बोचते, कारण मुंबईहून घाटावर येणाऱ्या लोहमार्गाच्या पहिल्या आखणीत घाट होता आमचाच, माळशेज. 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला' रेल्वे कंपनीचे प्रवर्तक जॉन चॅपमन १८४५ मध्ये मुंबईत आले. वऱ्हाडचा कापूस बंदरात उतरवायचा, हे त्यांचं मोठं गणित. पुढे पाहणीत माळशेज बाद झाला आणि मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी बोरघाट आणि थळघाट धरले.

माळशेजच्या कड्याखाली उभं राहिलं की कारण उमगतं. गाडीला चढण्यासाठी लांबी लागते. बोरघाटात सुमारे १,८३१ फूट चढायला बर्कले यांनी जवळजवळ २५ किलोमीटर रूळ फिरवला. तरी सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट. खंडाळ्याजवळ तर गाडी एका टोकाला थांबायची, इंजिन सुटून मागच्या टोकाला लागायचं आणि पुढची चढण उलट्या दिशेने सुरू व्हायची. हा प्रकार १९२९ पर्यंत चालला. बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला, थळघाट १८६५ मध्ये. बर्कले मात्र १८६२ मध्येच वारले. त्यांचा निर्णय मला आजही बिनचूक वाटतो.

मग नावाजलेल्या गाड्या आमच्या दोन्ही अंगांनी गेल्या. उत्तरेला थळघाटातून पंजाब मेल, दक्षिणेला १ जून १९३० पासून विजेवर धावणारी दख्खनची राणी. बोरघाटाच्या पायथ्याशी कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात आणि ती रेटा देत गाडी वर चढवतात. उतरताना गाडीला घाटात थांबावंच लागतं. ती थांबल्याची खात्री होईपर्यंत सांधा कॅच सायडिंगकडेच लावलेला असतो. ब्रेक निकामी झाला तर गाडी त्या चढाच्या रुळावर जाऊन थांबावी, म्हणून. प्रवासी तेवढ्यात वडापाव शोधतात. मी सांधा बघतो.

आमची माणसं मात्र रेल्वेवरच जगली. मुंबईच्या डबेवाल्यांमध्ये जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळची कितीतरी घरं आहेत. गावात रूळ नाही आणि रोजची भाकरी लोकलच्या लगेज डब्यात! यात्रेला गावी यायचं तर शेवटचा टप्पा एसटीचाच.

पुणे-नाशिक रेल्वेच्या आराखड्यात मंचर, नारायणगाव ही नावं आली, तेव्हा इथे मोठी आशा पालवली होती. आता खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला व्यत्यय नको म्हणून मार्ग दुसरीकडून नेण्याचं चाललं आहे. दुर्बीण जपलीच पाहिजे. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशातले अतिक्षीण रेडिओ संकेत टिपतात आणि विजेच्या गाडीच्या ठिणग्या त्यांना बाधतात. पण माळशेजला कडा आडवा होता, इथे तसा नाही. दुर्बिणीपासून पुरेसं अंतर राखून याच दोन तालुक्यांतून मार्ग निघतो का, याची पाहणी बर्कले यांच्याइतक्याच चिकाटीने व्हावी आणि तिचे नकाशे मंचर-नारायणगावच्या लोकांसमोर मांडले जावेत, ही माझी मागणी आहे.