पुढच्या टप्प्यावर कोण उभं आहे?



"या अंकासाठी तुमच्या धावण्यावर काहीतरी लिहा," असं वर्गाच्या बाईंनी सांगितलं, तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हणणार होतो. धावण्याच्या बाबतीत आमची कीर्ती काही सांगण्यासारखी नाही. प्राथमिक शाळेत लिंबू-चमच्याच्या शर्यतीत आमचं लिंबू पहिल्याच पावलाला पडलं. पुढे इंजिनिअरिंग कॉलेजची चार वर्षं आम्ही धावलो ते फक्त सुटलेल्या एस.टी.च्या मागे. नंतर इथे ओरेगनमध्ये नोकरी लागली आणि तेवढंही धावणं संपलं, कारण इथे एस.टी. नाही आणि खुर्चीवरून उठायची गरजही नाही.

चाळिशी लागली त्या वर्षी डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवला. साखर अजून मधुमेहाच्या पायरीवर चढली नव्हती, पण जिना चढायला लागली होती. आमच्या वडिलांना मधुमेह होता, तो काय करतो हे आम्ही घरात पाहिलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी बूट आणले. पहिल्या दिवशी शेजारच्या चौकापर्यंत पळालो आणि विजेच्या खांबाला धरून उभे राहिलो. एका बाईंनी गाडी थांबवून "ठीक आहात ना?" असं विचारलं. सुरुवात ही अशी झाली.

हळूहळू तीन मैल, सहा मैल, मग तेरा मैल जमायला लागले. जमायला लागलं की माणसाला चढते. तशी आम्हालाही चढली आणि २०१६ साली आम्ही पोर्टलंड मॅरेथॉनला नाव घातलं.

मुलांसाठी थोडी माहिती. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, इथल्या मापात २६.२ मैल. हा चमत्कारिक आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकपासून आला आणि १९२१ साली तोच कायमचा ठरला. यातली खरी गंमत (गंमत म्हणजे पाहणाऱ्यांची!) साधारण विसाव्या मैलाला असते. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखर साठवून ठेवतं. साधारण तितक्या अंतराला ती संपत येते. डोकं म्हणतं चल आणि पाय म्हणतात नाही.

आमचे पाय त्याच्याही आधी म्हणाले. त्या काळी ही शर्यत सेंट जॉन्स पुलावरून जायची. १९३१ सालचा तो उंच, हिरवा, देखणा पूल तुम्ही पाहिला असेल. पुलाकडे जाणारा चढ आम्ही चढलो, पण चढ उतरल्यावर जे काही उरलं होतं ते विसाव्या मैलाला संपलं. रस्त्याच्या कडेला बसलो. एका स्वयंसेवकाने पाणी दिलं आणि "गाडीत बसता का?" असं विचारलं. आम्ही बसलो.

आता ज्या गोष्टीबद्दल लिहायला आम्ही टाळाटाळ करत होतो ती सांगतो. शेवटच्या रेषेपाशी आमच्या सौ. आणि आमची कन्या उभ्या होत्या. कन्या तेव्हा सहा वर्षांची. याच आपल्या वर्गात नुकतीच पाटी गिरवायला लागली होती. तिने पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने 'बाबा पळा' असं लिहून आणलं होतं. त्यातला 'ळ' आडवा झोपलेला होता. आमचा फोन सौ.च्या पर्समध्ये. गाडी आधी दुसरीकडे थांबली, मग आम्ही तंबूत पडून राहिलो, मग लाजेपोटी आणखी थोडा वेळ पडून राहिलो. कुणाकडून फोन मागून घेऊन निरोप द्यावा हे सुचलं नाही, असं आम्ही पुढे सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे सुचलं होतं. काय सांगायचं ते सुचत नव्हतं. त्या दोघी पुठ्ठा धरून दोन तास उभ्या राहिल्या.

आम्ही पोचलो तेव्हा कन्येचे डोळे रडून लाल झाले होते. घरी जाताना गाडीत कुणी बोललं नाही. पुठ्ठा गॅरेजमध्ये गेला. बाबा हरला म्हणून पोरीला वाईट वाटलं, असा आमचा समज झाला आणि त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. मॅरेथॉनचं नावही काढलं नाही. तीन-चार मैल पळायचं, साखर आटोक्यात ठेवायची, बस्स.

असो. आठ वर्षं गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात एका वहिनींचा फोन आला. "भावजी, आमच्या संघातल्या एकाचा पाय मुरगळलाय. हूड टू कोस्टला बारावा माणूस हवाय. येता का?"

ही रिले शर्यत आपल्या ओरेगनचं मोठं वैभव आहे. १९८२ साली बॉब फूट नावाच्या धावपटूने ती सुरू केली, तेव्हा फक्त आठ संघ होते. आता हजाराच्या वर असतात. माउंट हूडच्या अंगावर सुमारे सहा हजार फुटांवर टिंबरलाइन लॉज आहे, तिथून निघायचं आणि जवळजवळ दोनशे मैल पळत सीसाइडला पॅसिफिक समुद्राच्या वाळूत पोचायचं. एकूण टप्पे छत्तीस, माणसं बारा. प्रत्येकाने तीन वेळा धावायचं. सहाजण एका गाडीत, सहाजण दुसऱ्या गाडीत. एक गाडी धावत असते तेव्हा दुसरीने जेवायचं आणि झोपायचं, असं कागदावर असतं. रात्रीही शर्यत थांबत नाही. अंगात चकाकणारं जाकीट आणि कपाळावर दिवा लावून पळायचं. हातात काठी नसते, मनगटावर आपटली की आपोआप गुंडाळली जाणारी पट्टी असते. ती काढून पुढच्याच्या मनगटावर आपटायची. जिथे ही देवघेव होते त्या जागेला आम्ही 'नाका' म्हणायला लागलो.

आम्ही हो म्हटलं, कारण वाट्याला येणारं एकेक अंतर फार नव्हतं. शिवाय आमच्यातला इंजिनिअर जागा झाला होता. आम्ही ताबडतोब एक्सेलमध्ये तक्ता केला. प्रत्येकाचा वेग, प्रत्येक टप्प्याची लांबी, चढ-उतार, कोण किती वाजता कुठल्या नाक्यावर येणार याचा मिनिटागणिक हिशेब. संघाने कौतुक केलं. तक्त्याच्या प्रती काढून दोन्ही गाड्यांत चिकटवल्या.

शुक्रवारी पहाटे पाच वाजता आमचा पहिला गडी डोंगरावरून सुटला. आमची गाडी दुसरी, म्हणजे आमची पाळी सँडी गावापासून. गाडीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू आणि चिक्की एवढी होती की दोनशे मैल काय, पंढरपूरपर्यंत पुरली असती. दुकानात मिळणारी ती एनर्जी जेल आम्ही एकदा चाखून पाहिली आणि पुन्हा चिक्कीकडे वळलो. इतर संघ आपण किती जणांना मागे टाकलं याच्या रेघा गाडीच्या काचेवर ओढतात. आमच्या नावावर एकही रेघ नव्हती. आमच्यामुळे इतरांच्या काचा मात्र भरल्या.

आमचा क्रमांक दहावा, म्हणजे टप्पे १०, २२ आणि ३४. आमच्या आधी नववा क्रमांक वहिनींचा. वहिनींचं वय अठ्ठावन्न. आम्ही तक्त्यात त्यांचा वेग मैलाला तेरा मिनिटं असा टाकला होता. त्यांना विचारून नाही, वय पाहून. पहिल्या टप्प्यात त्या हिशेबाच्या बऱ्याच आधी आल्या. रस्ता सपाट होता म्हणून असेल, असं म्हणून आम्ही आकडा तसाच ठेवला.

रात्री सेंट हेलन्सच्या पुढे डोंगरांत शिरलो. तिथे फोन लागत नाही. वहिनी २१ व्या टप्प्यावर निघाल्या आणि आम्ही पुढच्या नाक्यावर जाऊन मैदानात गाडी लावली. तक्ता म्हणत होता वहिनी १ वाजून ४२ मिनिटांनी येणार. आम्ही गजर लावून डोळे मिटले. गजर वाजला, बूट चढवले, अंधारात चालत नाक्याकडे निघालो. लांबूनच ऐकू आलं, एक स्वयंसेवक कर्ण्यावरून एकाच संघाचा क्रमांक पुन्हा पुन्हा पुकारत होता. तो आमचाच होता.

वहिनी १ वाजून ३१ मिनिटांनी पोचल्या होत्या. आम्ही ठरल्या वेळेलाही चार मिनिटं उशिरा. पंधरा मिनिटं त्या घामेजल्या अंगाने गारठ्यात उभ्या होत्या. शेजारून माणसं येत होती, पट्ट्या आपटत होती, पुढे पळत होती. यांच्यासमोर कुणी नव्हतं. आम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी आमच्या मनगटावर पट्टी आपटली आणि म्हणाल्या, "आलात ना? जा आता."

एवढंच. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या टप्प्यावर आम्ही किती वेगाने पळालो ते लक्षात नाही. काळोख, दोन्ही बाजूंना झाडं, कपाळावरच्या दिव्याचा वाटोळा उजेड आणि पुढे दूरवर कुणाच्या तरी पाठीवरचा लुकलुकता लाल दिवा. डोळ्यांसमोर मात्र वहिनी नव्हत्या. पुठ्ठा धरलेली सहा वर्षांची मुलगी होती. आठ वर्षांत पहिल्यांदाच आम्ही त्या दिवसाकडे तिच्या बाजूने पाहिलं.

शनिवारी दुपारी ३४ वा टप्पा आला तेव्हा उजवा गुडघा सुजला होता. झोप जेमतेम दोन तासांची. दोन मैलांनंतर ओळखीचा आवाज आला, "बस आता. गाडी येईल." खोटं कशाला सांगू, आम्ही थांबलो. खाली बसलो नाही, एवढंच. पुढच्या नाक्यावर अकराव्या क्रमांकाचा आमचा भिडू उभा असणार, प्रत्येक येणाऱ्याकडे मान उंचावून पाहत असणार, हे दिसायला लागलं. मग चाललो. मग थोडं पळालो. परत चाललो. इतर संघांना काचेवर ओढायला भरपूर रेघा दिल्या. पण पोचलो. नाक्यावर एक माणूस पुरेसा असतो. आमच्या गाडीतले पाचही जण उभे होते आणि वहिनी सगळ्यांच्या पुढे. मागून कळलं की आदल्या रात्रीपासून त्यांनीच ठरवून टाकलं होतं, यापुढे तक्ता पाहायचा नाही, वीस मिनिटं आधी जाऊन उभं राहायचं.

सीसाइडला शेवटच्या वाळूत बाराही जण एकत्र पळतात. तिथे सौ. होत्या आणि कन्याही. ती आता चौदा वर्षांची, म्हणजे बापाबरोबर कुठे दिसणं नकोसं वाटण्याचं वय. तरी आली होती. जवळ आली आणि मराठीत म्हणाली, "या वेळी फोन होता ना जवळ?"

आम्ही हसलो. ती हसली नाही. मग आम्ही म्हणालो, "त्या वेळचं चुकलं आमचं. तुला इतका वेळ उभं केलं." हे म्हणायला आठ वर्षं आणि दोनशे मैल लागले.

ती म्हणाली, "मला वाटलं होतं तू हरवलास. आई म्हणत होती येईल, येईल. पण तिलाही माहीत नव्हतं."

बाबा हरला म्हणून ती रडली, असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो. तिला आमच्या हरण्याशी काही देणंघेणंच नव्हतं.

सांगायचा मुद्दा असा. "कधीही हार मानू नका" असं लिहिणं आम्हाला जमणार नाही, आम्ही मानलेली आहे. दमल्यावर थांबण्यात काही वाईट नाही. पण आपल्यासाठी कुणीतरी कुठेतरी उभं आहे, हे विसरू नये. थांबलात तर त्यांना कळवा. लाज वाटली तरी कळवा. त्यांना आपली वेळ नको असते, आपण हवे असतो.

मुलांनो, शनिवारी संध्याकाळी इथे तुम्ही खेळून घरी येता, तेव्हा भारतात रविवारची सकाळ असते. तुमची आजी चहा घेऊन फोनपाशी बसलेली असते. तुम्हाला मराठी अडखळत येतं, शब्द आठवत नाही, म्हणून तुम्ही फोन आईच्या हातात देऊन पळ काढता. आम्हाला ते समजतं. आम्हीही तंबूत पडून राहिलो होतो. पण 'ळ' आडवा झोपलेला असला तरी चालतो, आजीला वाचता येतो.

पालकहो, तुमच्यासाठी एकच सूचना. वर्ग सकाळी दहाला सुरू होतो आणि बाई पावणेदहाला येऊन दारात उभ्या असतात. उशीर होणार असेल तर फोन करा.

पुढच्या वर्षी संघाला दोन माणसं हवी आहेत. तक्ता करणारा मात्र नको आहे, असं वहिनींनी कळवलं आहे.