जॉइंट अकाउंट

आमच्या घरात सध्या दोन माणसांना एकच उद्योग आहे. एकाचं वय दोन वर्षं, दुसरीचं चौऱ्याहत्तर. उद्योग असा, की एका डब्यातल्या वस्तू उचलायच्या, दुसऱ्या डब्यात टाकायच्या, आणि दुसरा भरला की परत पहिल्यात आणायच्या. तुम्ही म्हणाल, हा काय उद्योग झाला? अहो, मी बावीस वर्षं बँकेच्या काउंटरवर दुसरं काय केलं? फरक एवढाच, की मला त्याचा पगार मिळतो, आणि संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर मला घरी जाता येत नाही. हे दोघं घरीच असतात.

दोन वर्षांचे ते आमचे चिरंजीव. थोरली दहावीत आहे. दोघांमधल्या तेरा वर्षांच्या अंतरावर स्टाफमध्ये बरीच चर्चा झाली. 'मुदत उलटलेल्या ठेवीचं नूतनीकरण' असं आमच्या हेडकॅशियरने त्याचं वर्णन केलं, आणि पेढे मात्र चार उचलले. चौऱ्याहत्तर वर्षांची ती माझी आई. धुळ्याला पांझरेच्या बाजूच्या एका गल्लीत एकटी राहायची. "जळगावला चल" म्हटलं की म्हणायची, "जळगावात आहे काय? सोनं आणि ऊन. सोनं परवडत नाही आणि ऊन धुळ्यातही आहे." यावर मला आजवर उत्तर सापडलेलं नाही.

संक्रांतीनंतर आठ दिवसांनी तिच्या शेजारणीचा फोन आला. अर्धांगाचा झटका. हलका होता, पण उजव्या अंगावर. दवाखान्यातून सुटल्यावर पारोळा, एरंडोल करत नव्वदेक किलोमीटर तिला गाडीत निजवून आणली. महिन्याभरात ती बोलू लागली, भिंतीला धरून चालू लागली. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला आणि तिने त्याच्यावर पदर ओढून घेतला. कोणी भेटायला आलं की पदर आणखी पुढे यायचा. डाव्या हाताने जेवावं लागतं म्हणून आमच्या पंगतीला बसेना. सगळ्यांचं आटोपल्यावर स्वयंपाकघरात एकटी जेवायची.

हा हात साधा नव्हे. खानदेशातले मांडे तुम्ही खाल्ले असतील तर मी काय म्हणतो ते कळेल, आणि नसतील तर तुमच्याबद्दल मला वाईट वाटतं. पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही तळहातांवर, मग मनगटांवर, मग पार कोपरापर्यंत झेलत झेलत धोतराएवढा पातळ करायचा आणि पालथ्या खापरावर अलगद सोडायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. आईचा मांडा खापरावर पडला की गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. तो हात आता पदराखाली होता.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी एका कागदावर व्यायाम लिहून दिले. मऊ गोळा दाबणे. कपड्यांचे चिमटे परातीच्या काठाला लावणे आणि काढणे. या डब्यातल्या वस्तू त्या डब्यात टाकणे. आईने तो कागद वाचून घेतला आणि म्हणाली, "मी काय कुकुलं बाळ आहे?" विषय संपला.

त्याच आठवड्यात आमची ही तिच्या शाळेतून दुसरा एक झेरॉक्स कागद घेऊन आली. त्यात लहान मुलांसाठी सोपे खेळ होते. दोन्ही कागद फ्रिजवर एकाच चुंबकाखाली लागले. चिरंजीवांचं खातं माझ्याकडे होतं, आणि चाळीशी लागून गेली तरी चष्मा शोधण्याचा मला कंटाळा आहे. मी हाताला आला तो कागद वाचून चार दिवस इमानेइतबारे खेळ घेतले. पाचव्या दिवशी ही म्हणाली, "अहो, पोराला दहादहाचे तीन सेट कसले देताय?"

तेव्हा चष्मा लावून दोन्ही कागद शेजारी ठेवले. परात, चिमटे, मऊ गोळा, दोन डबे. नोंदी जवळजवळ त्याच! डेबिट आणि क्रेडिट पहिल्या फटक्यात जुळल्यावर वाणिज्य शाखेच्या पदवीधराला काय होतं, हे इतर शाखांच्या लोकांना सांगून उपयोग नाही. मी फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नवल काय त्यात? त्याचा मेंदू हात चालवायला पहिल्यांदा शिकतोय, आजींचा दुसऱ्यांदा. मेंदूचा जो भाग बंद पडला त्याचं काम दुसऱ्या भागांनी उचलायचं, तर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करावी लागते. शेकडो वेळा."

आता शेकडो वेळा तीच गोष्ट करायला शहाणा माणूस तयार होत नाही. तिसऱ्या खेपेला तो घड्याळाकडे बघतो. पण दोन वर्षांच्या मुलाला तुम्ही तिसाव्या खेपेला विचारा. तो "पुना!" म्हणतो. आई स्वतःसाठी चिमटा उचलायला तयार नव्हती, पण नातवाचा "पुना" तिच्याच्याने मोडवेना. त्याने तर पहिल्याच दिवशी पदर बाजूला केला. त्याला आत काय आहे ते बघायचं होतं. हात सापडल्यावर त्याने त्यात लिंबू ठेवलं, ते पडलं, आणि तो इतका हसला की आईही हसली. लिंबू पाडण्याचाच खेळ आहे अशी दोघांची समजूत झाली. त्या दिवशी ते चाळीस वेळा पडलं. मी मोजलं, सवय आहे.

मधल्या काळात मी एक 'बुद्धिविकास संच' विकत आणला हेही सांगून टाकतो. चौदाशे पन्नास रुपये. चिरंजीव त्याच्या खोक्यात जाऊन बसले. संच मी रात्री जुळवतो. अजून एक तुकडा उरतो. हिने मला एवढंच सांगितलं, की ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा मॉन्टेसरीची परदेशी साधनं गरिबाला परवडणार नाहीत म्हणून त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पानंफुलं यांवर काम भागवलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यायची, हीही त्यांचीच कल्पना. अंगणवाडी म्हणतात ती तीच, आणि सरकारने 1975 साली एकात्मिक बालविकास योजना काढली तेव्हा हेच नाव उचललं. आमच्या हिचा बोलण्याचा रोख इतिहासावर नसून चौदाशे पन्नासवर होता.

मी लगेच बियांवर आलो आणि तिथेच फसलो. डब्यात हरभरे दिले. दुपारी आई ओरडली म्हणून बघतो तर डब्यात एक हरभरा कमी आणि चिरंजीवांची डावी नाकपुडी फुगलेली. हरभरा ओला झाला की फुगतो, हे उसळ खाणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवं. डॉक्टरांनी आकड्याने तो अर्ध्या मिनिटात काढला आणि माझी खरडपट्टी दहा मिनिटं काढली. तीन वर्षांच्या आतल्या पोराला दाणे, मणी, नाणी, बटणं काही द्यायचं नाही. नाकात गेलं तर निघतं. श्वासनळीत गेलं तर धावाधाव करायलाही वेळ मिळत नाही. त्याच्या मुठीबाहेर उरेल तीच वस्तू खेळायला. तेव्हापासून आमचं चलन म्हणजे लिंबं, बटाटे आणि स्टीलच्या वाट्या. नाणी उचलायचा व्यायाम आई तो झोपल्यावर करते. लॉकर ऑपरेशन म्हणा हवं तर.

एप्रिल लागला तसा खेळ गच्चीवरच्या सावलीत गेला. तोही सकाळी आठच्या आत, कारण नंतर आमच्या गच्चीवर पापडही करपतो. घमेल्यात चार बोटं पाणी, दोन लोटे, एक गाळणं. या लोट्यातलं त्या लोट्यात ओतायचं. मी राखणीला शेजारी बसून. चार बोटं पाण्यालाही लहान मुलाच्या बाबतीत भरवसा नाही. निम्मं पाणी त्याच्या अंगावर, निम्मं आईच्या लुगड्यावर, उरलेलं तुळशीला. खेळता खेळता आई अहिराणीवर येते. आमच्या धुळ्याच्या घरात ती भाषा होती. बँकेत लागल्यापासून माझी सुटली. "मना हात बी तुनाच सारखा शे," ती त्याला सांगते. मी वहीत तारीख घालून नोंद करतो: आज लोटा उचलला. आज अर्धा भरलेला उचलला. यावरून ही हसते. पण एकाने बोलावं आणि दुसऱ्याने लिहून घ्यावं ही आमच्या धुळ्याची जुनी पद्धत आहे. 1932 साली तिथल्या तुरुंगात विनोबांनी गीता सांगितली, ती साने गुरुजींनीच लिहून घेतली. आता ते विनोबा आणि ते गुरुजी, आणि इथे लिंबं आणि मी, एवढं अंतर राहणारच.

सगळंच सुरळीत चाललं असं नाही. मधे पंधरा दिवस वहीत नवीन नोंदच नव्हती. चिरंजीव चिमटा लावायला शिकले आणि आई मागे राहिली. त्याने तिचे पाच चिमटे स्वतःच लावून दिले, तेव्हा ती गच्चीवरून उठून आत गेली. पदर पुन्हा हातावर आला. दुसऱ्या दिवशी तो परात घसटत तिच्या खाटेपाशी घेऊन गेला. त्याला काही कळलं होतं असं मी म्हणणार नाही. त्याला परात वाजवायला कुणीतरी हवं होतं.

मग आखाजी आली. तुमच्याकडे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे आखाजी. निंबाला झोके, माहेरवाशिणी, आणि घरोघर मांडे. यंदा मांडे विकत आणायचे ठरले होते, आणि आईसमोर तो विषय काढायचा नाही असंही ठरलं होतं. सकाळी चिरंजीवांना खेळायला कणकेचा गोळा दिला. त्याने तो दाबला, चाटला आणि आजीच्या उजव्या हातावर ठेवला. आईने डावा हात खाली घेतला. गोळा एकदा या तळहातावर, एकदा त्या. मनगटापर्यंत गेला नाही. मधे दोन ठिकाणी फाटला. पुरण आत नव्हतंच. आम्ही तिघं दारात उभे होतो आणि कोणी बोलत नव्हतं. आमच्या घरात हे वर्षातून एकदाही घडत नाही.

"तवा ठेव," आई हिला म्हणाली, "खापर नको."

मांडा बशीएवढा झाला आणि आकाराने आफ्रिकेच्या नकाशासारखा. एका बाजूने कच्चा होता. चिरंजीवांनी अर्धा खाल्ला, उरलेला अर्धा डब्यात टाकला, परत बाहेर काढला, परत टाकला, आणि आजीकडे बघून म्हणाले, "पुना!"