एका तोळ्याची गोळी

‘बुलेट’ म्हटलं की आमच्यासारख्याला मोटरसायकल आठवते. त्यामुळे कोलोरॅडोत मेव्हण्याच्या शेजारचा म्हातारा ‘‘बुलेट एकशे ऐंशीचीच बरी,’’ म्हणाला तेव्हा मी किलो समजलो आणि ‘‘हो, स्टँडवर चढवताना घाम फुटतो,’’ अशी सहानुभूतीही दाखवली. मेव्हण्याने कपाळाला हात लावला. ‘‘भाऊजी, तो एल्कच्या शिकारीची गोळी म्हणतोय. १८० ग्रेन!’’

एल्क हे आपल्या सांबराच्या भावकीतलं जनावर. नर तीनशे किलोच्या पुढेही भरतो. म्हातारा गॅरेजमध्ये इवल्याशा काट्यावर गोळ्या तोलत बसला होता. काटा बघताच माझ्यातला कारकून जागा झाला. अर्धी नोकरी सोनेतारणाच्या टेबलावर गेलेली! ७००० ग्रेनचा एक पौंड, म्हणजे १८० ग्रेनचे ११.६६ ग्रॅम... अहो, चक्क एक तोळा! कंपनी सरकारचा १८३५चा चांदीचा रुपयाही बरोबर तेवढाच. त्या काळी रुपयाला वजन होतं म्हणतात, ते हे असं.

‘‘एवढ्या धुडाला एकच तोळा? अंमळ जड घ्या की!’’ मी सुचवलं.

म्हाताऱ्याने शिकवणीच घेतली. १५० ग्रेनची हलकी गोळी वेगाने सुटते, पण खांद्याच्या हाडावर आदळली तर फुटून वरच्यावर राहू शकते. जड गोळी सावकाश निघते, पण खोल जाते. (साहेबाचं ओरडणं आणि हेडक्लार्कचा शेरा यांत हाच फरक असतो.) मात्र गोळी जड, तशी बंदुकीची लाथही जड. सॅम्युअल बेकर या इंग्रज शिकाऱ्याकडे अर्ध्या पौंडाचा, म्हणजे एकोणीस तोळ्यांचा गोळा फेकणारी बंदूक होती. नाव ‘बेबी’! ती उडवायला तो स्वतःच घाबरायचा. उलट ‘कारामोजो’ बेलने तोळ्यालाही कमी, १७३ ग्रेनच्या गोळीने शेकडो हत्ती पाडले. कारण हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो ते त्याने आधी पाहून ठेवलं होतं.

‘‘मग तुम्ही तोळ्यावर कसे आलात?’’

म्हातारा जरा वेळ गप्प राहिला. मागच्या हंगामात त्याने हौसेने मोठी रायफल आणि जड गोळी नेली होती. धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना डोळे मिटले. गोळी पोटात लागली. रात्र पडेपर्यंत तो रक्ताचा माग काढत हिंडला. जनावर सापडलं नाही.

‘‘जनावर किती मोठं आहे, एवढंच बघून चालत नाही,’’ तो काटा पुसत म्हणाला. ‘‘आपल्याला न घाबरता मारता येईल तेवढीच गोळी घ्यावी.’’

परत आल्यावर पहिल्याच दिवशी एक बाई मंगळसूत्र घेऊन काउंटरवर आल्या. मुलाची फी भरायची होती. सराफाने तोललं. जेमतेम तोळा. एरवी मी वजन असं खणखणीत पुकारतो की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही कळावं. त्या दिवशी आकडा चिठ्ठीवर लिहून हळूच पुढे सरकवला. एक तोळा कुणाला कुठे लागेल, सांगता येत नाही.

शिपाई म्हणाला, ‘‘भाऊसाहेब, अमेरिकेत घसा बसला वाटतं?’’

मी म्हटलं, ‘‘हो रे. हवा मानवली नाही.’’