जिभेची शाळा

माणसाचे वय पिकल्या केसांवरून ओळखू नये. ‘आपल्याला बुवा हेच आवडते’ असे तो दिवसातून किती वेळा म्हणतो, त्यावरून ओळखावे! साठी उलटली की गुडघ्यांच्या आधी जीभ आखडते. माझ्या जिभेला सूनबाईने वेळीच शाळेत घातले. तिचे माहेर नाशिकचे. तेथल्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, त्यापूर्वी नाशिकची द्राक्षे आम्हांला फक्त खायची ठाऊक.

पहिला धडा शेनिन ब्लांचा. किंचित गोड, पिकल्या फळाच्या वासाची. दुसरा सोव्हिन्याँ ब्लांचा. आंबटसर, कापलेल्या गवताची आठवण देणारी. दोघी पांढऱ्याच, पण स्वभाव एका घरातल्या दोन जावांचे! तिसरी तांबडी शिराझ. हिचा रस सालींसकट आंबवतात, म्हणून आवळ्यासारखी तुरट. माझे तोंड पाहून सूनबाई म्हणाली, “बाबा, कारले पहिल्या दिवशी कुणाला आवडते?” मटणाच्या घासाबरोबर तोच तुरटपणा मवाळ झाला.

एका वेळी एकच प्रकार आणि घोट मोजके, हा आमचा नियम. घोट वाढले की चव कळेनाशी होते. ‘आवडत नाही’ म्हणायला अक्कल लागत नाही. का आवडत नाही, हे सांगता येऊ लागले की आवड रुंदावू लागते. हल्ली तर तुरट माणसांविषयीही मी दुसऱ्या घोटाआधी मत देत नाही.